लास मोरासचा नापास डबा

लिब्रादा आरेओलाचं नाव काढलं की आमच्या लास मोरासमध्ये लोक म्हणतात, "ती ना? झाडं तोडणारी?" हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. उभं आयुष्य बाईनं द्राक्षाच्या रांगेत वाकून काढलं, गावासाठी शहरातल्या साहेबांपुढं जाऊन उभी राहिली, आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर एक सकाळ आणि एक करवत. म्हणून मी सांगते. कुणाला आवडो न आवडो.

मी चायो. चर्चमागं जिथं मजुरांच्या गाड्या लागतात, त्या थांब्यावर मक्याच्या पानात वाफवलेले तमाल विकते. लिब्रादा माझी कोमाद्रे. माझ्या थोरलीच्या बाप्तिस्म्याला तिनं पोरीला मांडीवर धरलं, तेव्हापासून आमचं हे नातं. सख्ख्या बहिणींनी अबोला धरला तर चालतो, कोमाद्रेंना ती सोय नाही. हवं तेवढं भांडा, पण दुसऱ्या दिवशी जाऊन दार वाजवायचं.

ती आली नवऱ्याच्या, नाबोरच्या मागोमाग, मेक्सिकोतल्या मिचोआकानमधल्या एका खेड्यातून. इथं कॅलिफोर्नियात येऊन माणसं जे करतात तेच दोघांनी केलं. उन्हाळ्यात द्राक्षं, थंडीत संत्र्यांची पॅकिंग शेड. लिब्रादा अंगानं काटकुळी, तोंडानं फटकळ. एकदा मुकादम रांगेच्या टोकावरून ओरडला, "लिब्रादा, हात चालव जरा!" तर ही म्हणाली, "दोनच आहेत रे बाबा. तुझे खिशातले दोन दे, मग चार चालवते." अख्खी रांग हसली. मुकादमानं मुकाट्यानं खिशातून हात काढले.

नाबोर गेला तो अशाच एका रांगेत. ऑगस्टची दुपार होती. भरलेली पेटी त्यानं उचलून ठेवली, वेलीच्या बुडाशी जरा टेकला, तो उठलाच नाही. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, हृदय थांबलं. अहो, हृदय शेवटी सगळ्यांचंच थांबतं! का थांबलं ते लिहा ना. अख्खा उन्हाळाभर तो माणूस दुपार झाली की छाती दाबून बसायचा, खोकून खोकून लालबुंद व्हायचा, ते कुणी लिहिलं नाही. त्याची इच्छा म्हणून त्याला गावी पाठवलं. लिब्रादाला सोबत जाता आलं नाही. तिच्याकडे कागदपत्रं नव्हती, गेली असती तर परत येऊ दिलं नसतं, आणि पोरं इथं. नवरा एका देशात पुरला, बायको दुसऱ्या देशात राहिली. फुलं ठेवायला तिला थडगंसुद्धा नव्हतं.

आता डब्याचं सांगते. थांब्याच्या अंगालाच, तारेच्या कुंपणात, पत्र्याची एक पांढरी खोली होती. छपरावर एक नळी वर आलेली. आम्ही सगळे तिला डबाच म्हणायचो. खोऱ्याच्या हवा मंडळानं ती जागा चर्चकडून भाड्यानं घेतली होती. नळी हवा ओढायची आणि आतलं यंत्र ओझोन मोजायचं. हा ओझोन वर आभाळात असला तर चांगला म्हणे, खाली नाकाशी आला की वाईट. गाड्यांचा धूर आणि तेलविहिरींची वाफ उन्हात शिजली की तो तयार होतो. सकाळी खोऱ्यातली सगळी शहरं धूर सोडतात, दुपारी वारा तो आमच्याकडं ढकलतो, आणि आमच्या पाठीला डोंगर. मग तो जाणार कुठं? आमच्या छातीत! यंत्र तापू नये म्हणून डब्यात बारा महिने एसी चालायचा. आमच्या घरांत खिडकीला पंखा. लिब्रादा म्हणायची, "देवानं मला बाई करण्यापेक्षा यंत्र केलं असतं, तर निदान कुणी गार तरी ठेवलं असतं."

पण त्या डब्याची ताकद आम्हाला हळूहळू कळली. कायदा असा आहे, की खोऱ्यात असे डबे कितीही असोत, निकाल लागतो तो सगळ्यात वाईट डब्यावरून. तो एक नापास तर अख्खं खोरं नापास. मग मंडळाला योजना लिहावी लागते. अमुक सालापर्यंत हवा सुधारू, याचा धूर इतका कापू, त्याचा तितका कापू. आमचा डबा कायमचा नापास! त्याच्या जोरावर तेलाच्या टाक्यांना झाकणं बसली, पॅकिंग शेडचे डिझेलचे पंप विजेवर गेले. गावाच्या उशाशी एक भलंमोठं गोदाम यायचं होतं, रात्रंदिवस ट्रकच ट्रक, तेही डब्यामुळंच अडून होतं. आमच्या गावाला ना आमदार ना वकील. आमच्या बाजूनं बोलणारा होता तो एवढा डबा.

आणि योजना तरी काय एकेक! आधीच्या योजनेत शेवटी चक्क लिहिलं होतं, की उरलेला धूर ज्या यंत्रांनी कमी होईल त्यांचा शोध अजून लागायचा आहे. माझ्या लेकीनं वाचून दाखवलं तर मला आधी खोटंच वाटलं. लिब्रादा म्हणाली, "म्हणजे लग्नाची तारीख पक्की, जेवणावळ पक्की. नवरा तेवढा जन्मायचाय."

तर झाडं. नाबोर गेला त्याच वर्षी, पावसाळी दिवसांत, मंडळानं चर्चच्या पटांगणात स्वच्छ हवेची जत्रा भरवली. फुगे, टोप्या, भाषणं, आणि माणशी एक तुतीचं रोप फुकट. आमच्या गावाचं नावच तुतीवरून पडलेलं, आणि गावात औषधालासुद्धा तुती उरली नव्हती. साहेबांना फोटो काढायला बरं निमित्त सापडलं. लिब्रादानं तीन रोपं घेतली, एक तिचं, दोन शेजारणींनी नको म्हणून टाकलेली. घराला तिच्या अंगण नव्हतं, भाड्याची ट्रेलरची खोली. मग तिनं ती लावली कुठं? डब्याच्या कुंपणाला लागून, तीन बाजूंना तीन.

मी म्हटलं, "अगं, तिथं कशाला?"

"उघड्यावर तापतो बिचारा," ती म्हणाली. "आपल्यासाठी उभा आहे ना दिवसभर? त्याला सावली नको?"

आमच्याकडं ही रीतच आहे. जो आपल्यासाठी उभा राहतो त्याची आपण निगा राखायची, मग तो कोनाड्यातला संत असो नाहीतर पत्र्याचा डबा. बायका येता-जाता कुंपणापुढचा कचरा काढायच्या. मृतांच्या दिवशी घरोघरी झेंडूच्या माळा लागतात, फोटोपुढं भाकरी, मिठाई ठेवतात. लिब्रादा तुतीच्या बुंध्याशी ठेवायची. नाबोरची आवडती लाल तिखटाची बटाट्याची भाजी, एक बिअर, झेंडू. उरलेली माळ डब्याच्या तारेला. डबा तपासायला मंडळाचा माणूस यायचा, तो माळ बघून हसायचा आणि बाजूला सारून कुलूप उघडायचा.

दुष्काळाच्या सालात नळाचं पाणी झाडांना घालायला बंदी आली. ही बाई भांडी धुतलेलं पाणी बादलीत साठवून दोन गल्ल्या तुडवत आणायची, चार पावलांवर थांबत, दम खात. तोवर तिच्या छातीतही तेच सुरू झालं होतं. सकाळी ठीक, दुपार झाली की श्वास अर्ध्यावर अडायचा. मी ओरडायचे, "झाडांपायी मरशील!" ती म्हणायची, "त्याला पाणी नको का?" ती झाडाबद्दल बोलत नव्हती हे मला कळायचं, मग मीच उठून तिच्या हातातली बादली घ्यायचे.

तुती मोठी चिवट. एकदा मूळ धरलं की ऐकत नाही. काही वर्षांत तिन्ही झाडं अशी फोफावली की मजुरांच्या गाड्या तिथंच लागायला लागल्या, मी माझी हातगाडी तिथं लावली, म्हाताऱ्यांनी बाकडी आणून टाकली. अख्ख्या लास मोरासमध्ये दुपारी बसण्यासारखी सावली ती एवढीच. मंडळाची माणसंसुद्धा त्याच सावलीत बसून माझे तमाल खायची, वर हिरवी चटणी मागून घ्यायची. इतक्या वर्षांत एकानं, एका माणसानं तोंड उघडून सांगितलं नाही की बायांनो, इथं झाड चालत नाही. खाताना तोंडं बरी उघडायची!

सांगायला आली ती येसेनिया. येसेनिया आमच्यातलीच. तिचा बाप लिब्रादासोबत रांगेत असायचा. पोरगी शिकली, मंडळात लागली, लोकांशी बोलायचं काम तिच्याकडं. आम्हाला कोण कौतुक! ती वसंतात एकदा आली, सावलीत बसली, माझ्याकडचा गोड पाव नको म्हणाली, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी काळंबेरं आहे.

"लिब्रादामावशी," ती म्हणाली, "डबा हलवणार आहेत."

"का गं? त्यानं काय केलं?"

"झाडांमुळं. नियम आहे, नळीच्या जवळ झाड नको. पानं ओझोन खातात, आकडा कमी येतो. जागा नियमात बसत नाही."

लिब्रादानं वर पानांकडं बघितलं. मग म्हणाली, "थांब पोरी. पानांनी ओझोन खाऊनसुद्धा आमचा डबा नापास?"

"हो."

"म्हणजे झाडं नसती तर?"

येसेनिया खाली बघत म्हणाली, "आणखी नापास."

"मग त्याला हलवायचं कशाला? नेणार कुठं?"

"कालव्यापलीकडं. गोल्फच्या मैदानामागं."

"तिथं हवा कशी आहे?"

"बरी आहे."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "वा! वर्गातलं नापास पोरगं शाळेतून काढलं, की शाळेचा निकाल शंभर टक्के! कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं गं हे?" लिब्रादानं मला हातानं गप्प केलं आणि येसेनियाजवळ सरकून बसली.

"नीट सांग हं मला. झाडं नसली, तर डबा इथं राहील?"

"नियमाप्रमाणं... हो मावशी. मग हलवायला कारण उरत नाही."

"बघ हं. हो म्हणालीस."

"हो."

ती गेल्यावर आमचं जुंपलं. मी म्हटलं, "कोमाद्रे, तू जे मनात आणलंयस ते तोंडातून काढू नकोस. या झाडांखाली माझं पोट आहे. म्हाताऱ्यांनी बसायचं कुठं? आणि नाबोर?"

"नाबोरचं नाव घेऊ नकोस."

"का नको? कुणासाठी बादल्या वाहिल्यास?"

"चायो, डबा गेला की खोरं पास. खोरं पास झालं की गोदाम येणार, ट्रक येणार, टाक्यांची झाकणं कुणी बघणार नाही. मग या सावलीत बसून खोकत बसू का सगळे?"

"त्यांच्या शब्दावर झाडं तोडशील? त्यांच्या?"

"त्यांच्या नाही. येसेनियाच्या. आपली पोरगी आहे."

मी रागानं गाडी ढकलत घरी गेले. दुसऱ्या दिवशी रीतीप्रमाणं तिचं दार वाजवलं, तर ही बाई घरी नाही. चर्चमध्ये पाद्रीबाबांकडं गेली होती. जमीन चर्चची, त्यांना विचारायला नको? पाद्री म्हणाले, "झाडं तू लावलीस, तूच वाढवलीस. मी काय सांगू?" याला म्हणतात अंग काढून घेणं.

करवत चालवायला तिनं म्हाताऱ्या फिदेन्सियोला बोलावलं. फिदेन्सियो बागांमधली जुनी झाडं पाडायचं काम करायचा, हात त्याचा सराईत, पण त्या सकाळी तोही अडून बसला.

"भरल्या पानांचं झाड तोडत नाहीत गं बाई. रस चढलाय त्यात."

"काका, डबा राहिला पाहिजे," लिब्रादा म्हणाली. "तुम्ही नाही तोडलंत तर मी कोयता घेऊन सुरू करते. चार दिवस लागतील मला, पण तोडीन."

तो काय करणार! त्यानं मोटारीच्या करवतीची दोरी ओढली. आवाज ऐकून लोक धावले. गाडीची वाट बघणारे मजूर, बायका, म्हातारे. कुणी म्हणालं, "मंडळानं पैसे चारले असतील हिला." कुणी म्हणालं, "नवरा मेल्यापासून डोकं फिरलंय." एका म्हाताऱ्यानं बाकडं ओढत ओढत नेलं आणि तिच्यासमोर थुंकला. लिब्रादा कुणालाही उलट बोलली नाही. ती! मुकादमाला न सोडणारी बाई! पहिलं झाड पडलं, दुसरं पडलं. तिसऱ्याच्या बुंध्याशी ती दरवर्षी ताट मांडायची. फिदेन्सियोनं तिच्याकडं बघितलं. तिनं बुंध्याला दोन्ही हात लावले, कपाळ टेकवलं, आणि आम्हाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नाबोर, माफ कर मला. आता तुला इथंही जागा उरली नाही." मग बाजूला झाली. मी तिच्यावर चिडलेली होते, तरी तिला जाऊन धरलं.

तो उन्हाळा कसा काढला ते विचारू नका. मी गाडीवर ताडपत्री बांधली, तव्यापेक्षा ताडपत्री जास्त तापायची. लोकांनी लिब्रादाशी बोलणं टाकलं. मजुरांच्या गाडीत तिच्या शेजारी बसायला बायका कां-कूं करायच्या. पण डबा! डबा काय सुटला होता! पानं गेली आणि त्यानं कधी नव्हे ते आकडे दाखवले. मंडळाची माणसं फिती घेऊन आली, नळीपासून चारी बाजूंना मापं घेतली आणि म्हणाली, आता जागा नियमात आहे. लिब्रादानं ते दोनदा विचारून घेतलं. त्या संध्याकाळी ती माझ्याकडं आली, मी जास्वंदीचं सरबत दिलं, आणि ती बऱ्याच दिवसांनी हसली. "राहिला बघ," म्हणाली. "लोक शिव्या देतात तर देऊ देत. राहिला ना!"

द्राक्षाचा हंगाम संपत आला तेव्हा येसेनिया पुन्हा आली. या वेळी ती बसलीही नाही, बसायला होतं तरी काय. उन्हात उभ्यानंच तिनं सांगितलं. नवी योजना तयार झाली आहे. खोरं पास झालंय. आमचा डबा बंद होणार.

लिब्रादाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "अगं, जागा नियमात आहे. मापं घेतली की तुमच्या माणसांनी."

"मावशी, कालव्यापलीकडचा डबा कधीचाच चालू आहे. योजनेत इथल्याऐवजी त्याचेच आकडे धरलेत. आधीपासून."

"आधीपासून म्हणजे? तू आलीस तेव्हा?"

येसेनिया तुतीच्या खुंटांकडं बघायला लागली.

"तू इथं बसून मला हो म्हणालीस, तेव्हा?"

"मी नियम सांगितला मावशी. नियम खरा होता. झाडं होती म्हणून तेच कारण लिहिलं. ती नसती तर दुसरं लिहिलं असतं."

मी हातातला झारा घेऊनच उठले. "नियम सांगितलास? ती तीन झाडं म्हणजे तिच्या नवऱ्याचं थडगं होतं, माहीत होतं ना तुला? लहानपणी तूच इथं झेंडू वाहिलेस ना? तोंडानं एक शब्द फुटला नाही तुझ्या?" पोरगी रडायला लागली. मला तिच्या रडण्याची दया आली नाही, आजही येत नाही. लिब्रादानं मात्र तिला रागावलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "सुनावणी कधी आहे?"

सुनावणी होती शहरात, मंडळाच्या मोठ्या इमारतीत, कामाच्या दिवशी, भर दुपारी. जनतेचं म्हणणं ऐकायचं असतं ना, म्हणून जनता द्राक्षाच्या रांगेत असते ती वेळ काढतात! लिब्रादानं अर्ध्या दिवसाची रजा मागितली, मुकादमानं दिली नाही, ती तशीच रांग सोडून आली. फिदेन्सियोच्या गाडीतून आम्ही तिघं गेलो. हवा अशी होती की समोरचा डोंगर दिसत नव्हता. इमारतीची लिफ्ट बंद. जिना चढताना ती प्रत्येक वळणावर थांबत होती. मी म्हटलं, "कोमाद्रे, मी बोलते तुझ्याऐवजी." ती म्हणाली, "नाव माझं दिलंय."

आत गारेगार. वर मंडळाचे साहेब एका ओळीत, पुढ्यात पाण्याच्या बाटल्या. पडद्यावर आलेख, वरून खाली येणारी रेघ. गोदामवाल्यांचा एक माणूस बोलला, खोऱ्याच्या प्रगतीबद्दल मंडळाचं अभिनंदन करून बसला. मग लिब्रादाचं नाव पुकारलं. प्रत्येकाला तीन मिनिटं. आमच्यासाठी दुभाषा ठेवला होता, पण त्याचा वेळही त्याच तिनात धरायचा, म्हणजे आम्हाला दीडच. म्हणून तिनं आपलं म्हणणं घासून घासून लहान केलं होतं.

ती माइकपाशी गेली. टेबल धरलं. तोंड उघडलं, आणि श्वासच येईना. मान ताणली, खांदे वर गेले, छातीतून नुसती शिट्टी. माइक चालू होता. सगळ्या सभागृहात तिचा श्वास ऐकू येत होता, ओढलेला, अडकलेला, पुन्हा ओढलेला. दुभाषा पेन धरून तिच्याकडं बघत होता. साहेब आधी बघत होते, मग समोरचे कागद चाळायला लागले. त्यांच्यातली एक बाई पाणी प्यायली. लिब्रादापुढं वेळेचा दिवा होता, हिरव्याचा पिवळा झाला. मी उठून तिच्याकडं निघाले तर तिनं हातानं मला थांबवलं. तिला वाटत होतं, येईल, आत्ता येईल. दिवा लाल झाला.

दुभाषा अध्यक्षांना म्हणाला, "साहेब, भाषांतर करण्यासारखं काही नाही."

अध्यक्ष म्हणाले, "आभारी आहोत. पुढचं नाव."

मी जे ओरडले ते इथं सांगण्यासारखं नाही. मी माइकपर्यंत पोचायच्या आत त्यांनी तो बंद केला आणि एका रखवालदारानं माझा दंड धरला. फिदेन्सियो लिब्रादाला सांभाळत होता. आम्ही तिला जिन्यावरून उतरवत असताना आत टाळ्या वाजल्या. योजना मंजूर झाली होती, एकानंही विरोधात हात वर केला नव्हता.

डबा क्रेननं उचलून नेला. गोदामाचं काम सुरू झालंय, ट्रक आत्ताच येऊ लागलेत. लिब्रादा आता रांगेत जात नाही, जाऊच शकत नाही. घरी बसून शेजारणींच्या शेंगा सोलून देते, नाकाला नळी असते. आणि लोक अजून म्हणतात, झाडं तोडणारी.

सुनावणीत कोण काय बोललं हे मंडळ सगळ्यांना वाचायला ठेवतं. माझ्या लेकीनं मला ते वाचून दाखवलं. गोदामवाल्याचं म्हणणं तिथं पानभर आहे. आमच्या बाईपुढं लिहिलंय: "लिब्रादा आरेओला, लास मोरास. काही म्हणणं नाही."

काही म्हणणं नाही? वेलीखाली वाकून द्राक्षं खुडता खुडता तिनं ते पाठ केलं होतं. माझ्या गाडीपाशी उभी राहून मला पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं होतं, वेळेत बसतं का बघ म्हणून. बसत होतं. मला तोंडपाठ आहे. लिहून घ्या:

"साहेब, मी लिब्रादा आरेओला. तुम्ही डबा हलवताय. आता आम्हाला कुठं हलवताय, तेवढं सांगा."